परदेशातील गरीब मुलींच्या शिक्षणासाठी देणगी द्यावी का, आणि दिली तर नेमकी कोणत्या खर्चासाठी?

धरमपेठकर (१२ सप्टेंबर, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. माझी आई गेल्या मार्गशीर्षात गेली. तिच्या नावावरच्या मुदत ठेवीचे पाच लाख रुपये आम्हा तिघा भावंडांकडे आले. ते वाटून न घेता वर्षश्राद्धापूर्वी मुलींच्या शिक्षणासाठी द्यायचे, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले. ते कुठे द्यायचे, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.

आई काटोल तालुक्यातील एका खेड्यातली. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण मामाला नागपूरला वसतिगृहात ठेवायचे होते आणि घरच्या संत्र्याच्या बागेतून एकाच मुलाचा खर्च निघत होता. याबद्दल ती कधी कडवटपणे बोलली नाही. पण आमच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही ती स्वतः करायची, वडिलांना कधी करू दिली नाही.

धाकटा भाऊ बरीच वर्षे झांबियात, लुसाका येथे नोकरीस आहे. तेथील खेड्यांतल्या मुलींचा माध्यमिक शाळेचा खर्च उचलणाऱ्या संस्थेला पैसे द्यावेत, असे तो म्हणतो. चंद्रपूरला असलेल्या बहिणीचे म्हणणे असे की, भामरागड दोन-तीनशे किलोमीटरवर असताना समुद्रापलीकडे पाहण्याचे कारण नाही. मी बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य काढले, त्यामुळे माझा प्रश्न या दोघांपेक्षा निराळा आहे. गरीब देशांतील शिक्षणाचा खर्च अशा ना-नफा संस्थांनी उचलल्याने खरोखर काही बदलते का? आणि संस्थेचे पैसे संपल्यावर त्या मुलीचे पुढे काय होते? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

कन्हान (१२ सप्टेंबर, रात्री १०.१५)

आईंच्या स्मृतीस वंदन. माझे मत थोडक्यात सांगतो: आपल्या जिल्ह्यातील शाळांची छपरे गळत असताना पैसा परदेशात पाठवू नये.

इतिहासप्रेमी (१२ सप्टेंबर, रात्री ११.०५)

कन्हान यांची भावना मी समजू शकतो. पण हाच विचार पावणेदोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या लोकांनी केला असता, तर आपल्या शहराचा शैक्षणिक इतिहास वेगळा झाला असता. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. तिच्यामागे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या सभासदांनी जमवलेली वर्गणी होती, आणि ते सगळेच काही श्रीमंत नव्हते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये उभे राहिले आणि आजही सुरू आहे. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही त्या बाकांवर बसून शिकलेल्या पिढ्यांनी ते शिक्षण आपापल्या मार्गाने वापरले. परक्या देशातील शाळेला दूरच्या माणसांनी पैसे देणे म्हणजे काय, हे नागपूरकरांनी घेणाऱ्याच्या बाजूने अनुभवलेले आहे.

स्थानिक दानाचे उदाहरणही याच शहरात आहे. कामठीचे मँगनीज खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये मृत्युपत्राने दिले आणि त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. म्हणजे आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पैसा आला तेव्हा हे शहर शिकले.

पारशिवनीची शिक्षिका (१३ सप्टेंबर, सकाळी ७.२०)

मी जिल्हा परिषद शाळेत २२ वर्षे शिकवते आहे. देणगीबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीने सीएसआरमधून आमच्या शाळेला ३० टॅब दिले. कार्यक्रम झाला, फीत कापली, छायाचित्रे निघाली. त्या वेळी शाळेचे वीजबिल थकलेले होते आणि जोडणी तोडलेली होती. तिसरीतल्या एका मुलीने पाहुण्यांसमोरच मला विचारले, "मॅडम, ह्या टॅबले आता चार्ज कोन करन?" तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नव्हते. दोन महिने मी घरून दहा-दहा टॅब चार्ज करून आणले, नंतर बॅटऱ्या फुगल्या आणि ते कपाटात गेले. कंपनीने मात्र प्रकल्प पूर्ण झाल्याचे पत्र आणि माझी सही असलेले उपयोगिता प्रमाणपत्र नेले. ती सही केल्याचा सल अजून मनात आहे.

याउलट दुसरा अनुभव. गावातीलच बारावी झालेली एक मुलगी एका संस्थेने मानधनावर आमच्याकडे दिली. जी मुले तिसरी-चौथीत असूनही अक्षरांवर अडखळत होती, त्यांना ती रोज दोन तास वेगळे घेऊन बसायची. तिच्याजवळ साहित्य म्हणजे अक्षरांची कार्डे, गोष्टींचे तक्ते आणि खडू. त्या वर्षी १४ मुलांपैकी ११ मुले परिच्छेद वाचू लागली. खर्च म्हणाल, तर टॅबच्या खर्चाच्या पासंगालाही पुरला नसता. पण मानधनाचा पैसा दुसऱ्या वर्षी थांबला. मुलगी आता बुटीबोरीला कारखान्यात जाते.

धरमपेठकर काका, देणगी द्यायला माझा विरोध नाही. वस्तूसाठी देऊ नका आणि एका वर्षासाठी देऊ नका, एवढेच सांगावेसे वाटते.

लुसाकाहून (१३ सप्टेंबर, दुपारी १.३०)

मीच तो धाकटा भाऊ. दादाने धागा काढल्याचे रात्री कळले.

शिक्षिकाताईंनी ज्या मुलीचे काम सांगितले, त्याच पद्धतीने इथे झांबियात सरकारी शाळांत वर्ग घेतले जातात, हे वाचून तुम्हा सर्वांना आश्चर्य वाटेल. पद्धत आपल्याच राज्यातली आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता त्यांना काय येते यावर करायला सुरुवात केली. मुंबई आणि वडोदरा येथे वस्तीतल्याच तरुणींना बालसखी म्हणून नेमले. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी त्याचे शिस्तीत मोजमाप केले आणि त्यात मागे पडलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. झांबियाच्या शिक्षण खात्याने ती पद्धत 'कॅच अप' या नावाने तिसरी ते पाचवीसाठी स्वीकारली आणि आपल्याच पगारी शिक्षकांकडून राबवली. मुलांना जमिनीवर अक्षरांची कार्डे मांडताना पाहिले, तेव्हा मला आपल्या अंगणवाडीची आठवण झाली.

मी ज्या कामासाठी पैसे मागतो आहे, ते मात्र माध्यमिक शाळेच्या पातळीवरचे आहे. झांबियाने जानेवारी २०२२ पासून सरकारी माध्यमिक शिक्षणाचे शुल्क रद्द केले. निर्णय फार मोठा होता. वर्ग तुडुंब भरले आणि त्याच वर्षी सरकारला सुमारे ३०,००० शिक्षक भरावे लागले. पण शुल्क गेले म्हणजे खर्च गेला असे नाही. निवासी शाळेत राहण्याचा खर्च अजून पालकांवरच आहे. गणवेश, बूट, वह्या आहेतच. ज्या मुलींचे गाव शाळेपासून १५-२० किलोमीटरवर आहे, त्या शाळेजवळ चौघी-पाचजणी मिळून भाड्याची खोली घेतात, स्वतः रांधतात आणि शनिवारी घरी जाऊन पीठ घेऊन येतात. अशा खोल्यांमध्ये त्या सुरक्षित नसतात. मुली शाळा सोडतात त्या इथे, गणितात नापास झाल्यामुळे नव्हे.

मृगाचा पाऊस (१३ सप्टेंबर, दुपारी ४.१०)

लुसाकाहून यांनी मुलींचा मुद्दा मांडला म्हणून लिहिते. 'कॅमफेड' या संस्थेची सुरुवात जाणून घेण्यासारखी आहे. ॲन कॉटन १९९१ मध्ये झिम्बाब्वेतील मोला या गावी गेल्या, तेव्हा मुली शाळेत नसण्याचे कारण तेथील परंपरा आहे, असेच त्यांना सर्वांनी सांगितले होते. घरोघरी बोलल्यावर वेगळेच समोर आले. आईबापांना मुली शिकायला हव्या होत्या. पैसे एकाच्याच शिक्षणापुरते होते, आणि पुढे नोकरी मिळण्याची शक्यता मुलाची अधिक म्हणून ते मुलावर खर्च होत. १९९३ मध्ये ३२ मुलींचा खर्च उचलून संस्थेने काम सुरू केले. पुढे त्याच मुलींनी माजी विद्यार्थिनींचा संघ बांधला आणि आता त्या आपापल्या गावातील लहान मुलींना आधार देतात.

धरमपेठकर, तुमच्या आईंची हकीकत वाचली, तेव्हा मला मोला आणि काटोल ही दोन गावे शेजारची वाटली.

धरमपेठकर (१३ सप्टेंबर, सायंकाळी ६.००)

मृगाचा पाऊस, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

सीए रामदासपेठ (१३ सप्टेंबर, रात्री ८.४५)

भावनेचा भाग बाजूला ठेवून व्यवहाराचे सांगतो, कारण बरेच लोक इथे चुकतात.

निवासी भारतीय व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते आणि त्यात देणगी बसते. बँकेत फॉर्म ए-२ भरून पॅन द्यावा लागतो. वर्षाला १० लाखांच्या आतील रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापला जात नाही, त्यामुळे तुमच्या पाच लाखांना तो लागू नाही. मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या रकमेवर देणगीची करवजावट मिळत नाही. ती भारतातील नोंदणीकृत संस्थेसाठीच आहे आणि तीही जुनी कररचना निवडली तरच. तुम्ही कौटुंबिक विश्वस्त निधी काढून त्यामार्फत पैसे परदेशी पाठवण्याचा विचार करत असाल, तर तो सोडा. धर्मादाय विश्वस्त निधीने भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास परवानगी नसेल तर, करसवलत मिळत नाही.

उलट दिशेने येणाऱ्या पैशाचे नियम अधिक कडक आहेत. परदेशी योगदान कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पुढे देणे पूर्ण बंद झाले.

रानवाटा (१३ सप्टेंबर, रात्री १०.३०)

शेवटच्या वाक्यावर मी थांबलो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात काम करणारे पाच-सात जणांचे गट असतात. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या देणगीदाराला इंग्रजीत प्रस्ताव पाठवण्याची त्यांची तयारी नसते. मोठी संस्था पैसा मिळवायची आणि अशा गटांना वाटून द्यायची. तो मार्ग बंद झाला, तेव्हा पहिला फटका या गटांनाच बसला. प्रशासकीय खर्च कमी हवा, हे ऐकायला बरे वाटते. पण शिक्षणाच्या कामात माणसाचा पगार हाच मुख्य खर्च असतो आणि हिशेबात तो बरेचदा प्रशासकीय खर्चातच धरला जातो.

भामरागडबद्दल धरमपेठकरांच्या बहिणीचे म्हणणे रास्त आहे. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला आणि दवाखान्यापाठोपाठ आश्रमशाळा आली. त्या शाळेत शिकलेली माडिया मुले आज डॉक्टर, वकील, शिक्षक आहेत. परंतु त्या परिसरात संस्था पोहोचल्या नाहीत अशी कितीतरी गावे आहेत, आणि तिथली पहिली अडचण भाषेची आहे. घरी माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते आणि समोरचे गुरुजी मराठीत बोलतात. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच कारणाने.

अंबाझरी (१४ सप्टेंबर, सकाळी ९.००)

रानवाटा यांच्या भाषेच्या मुद्द्याला जोड देणारी एक गोष्ट केनियात घडलेली आहे. पश्चिम केनियातील बुसिया भागात एका डच संस्थेने शाळांना पाठ्यपुस्तके पुरवली. पुस्तकांची टंचाई असताना पुस्तके दिली की निकाल सुधारणारच, असे कोणालाही वाटेल. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तके मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली, तेव्हा सरासरी गुणांत फरक दिसला नाही. फायदा झाला तो आधीपासून पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती, आणि ती तेथील बहुतेक मुलांची तिसरी भाषा होती.

क्रेमर यांना बॅनर्जी आणि डफ्लो यांच्यासोबत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हे सर्वांना ठाऊक असेल. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या संस्थेने आपल्या कामाचे असे परीक्षण होऊ दिले. आपली देणगी वाया गेली, असे निघू शकते हे माहीत असूनही मोजू देणारी संस्था मिळाली, तर मी तिला डोळे मिटून पैसे देईन.

कन्हान (१४ सप्टेंबर, सकाळी १०.२०)

माझे पहिले मत मी थोडे बदलतो, पण सोडत नाही. तुम्ही सगळे संस्थांबद्दलच बोलत आहात. शिक्षण हे सरकारचे काम नाही का? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हेच मांडले होते की, सरकारी तिजोरीतला पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. तो प्राथमिक शिक्षणाकडे वळवा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, ते राज्याच्या तिजोरीतून केले. संस्था पैसा देत राहिल्या, तर सरकारला हात झटकायला कारण मिळते. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचवला होता. २०२० चे शैक्षणिक धोरणही तोच आकडा सांगते, म्हणजे तो अजून गाठायचाच आहे.

लुसाकाहून (१४ सप्टेंबर, दुपारी १२.४५)

कन्हान, तत्त्व म्हणून तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण सरकारकडे पैसाच किती आहे, तेही पाहावे लागते. जगातील सर्वांत गरीब देशांमध्ये सरकार एका मुलामागे वर्षाला साधारण ५५ डॉलर शिक्षणावर खर्च करते, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. झांबियाची गोष्ट घ्या. तांब्याचे भाव पडले, कर्ज वाढले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये देशाने परदेशी कर्जाचा हप्ता चुकवला. ज्या वर्षी तिजोरीत व्याज द्यायलाही पैसे नाहीत, त्या वर्षी सरकारने शाळा बांधाव्यात म्हणजे कशातून? सरकारची जबाबदारी आहे हे खरेच, परंतु ती पार पाडण्याची ऐपत येईपर्यंत आज आठवीत असलेली मुलगी थांबू शकत नाही.

निवृत्त विस्तार अधिकारी (१४ सप्टेंबर, सायंकाळी ५.३०)

कन्हान आणि लुसाकाहून या दोघांच्या मधली एक वाट आपल्या देशाने चालून पाहिलेली आहे, म्हणून लिहितो. माझ्या सेवेचा मोठा काळ प्राथमिक शिक्षणात गेला.

१९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तो प्रामुख्याने जागतिक बँक, युरोपीय समुदाय आणि ब्रिटन यांच्या पैशावर. त्या काळी आम्हीच गरीब देशातले मदत घेणारे होतो. केंद्रप्रमुखांच्या बैठका, शिक्षकांचे गटप्रशिक्षण, गाव पातळीवरच्या समित्या यांना त्यातून बळ मिळाले. मग २००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान आले. २००४ मध्ये केंद्राने करांवर २ टक्के शिक्षण उपकर लावला आणि त्या पैशासाठी वेगळा कोश उभारला. बाहेरच्या पैशाचा वाटा हळूहळू किरकोळ झाला. बाहेरच्या पैशाने नवी पद्धत बसवायची, ती सरकारी यंत्रणेत मुरवायची, आणि मग आपल्या करातून चालवायची, हा क्रम आपल्याकडे बऱ्याच अंशी पार पडला. मुले शाळेत आली. ती वाचायला शिकली का, हा प्रश्न मात्र उरला, आणि तो सातत्याने विचारला तो सरकारने नव्हे, संस्थेने. २००५ पासून निघणाऱ्या 'असर' अहवालाने. २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे ४९ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. हा आकडा दरवेळी कार्यालयात पोहोचला की सगळे अस्वस्थ होत. ती अस्वस्थता निर्माण करणे, हेही देणगीच्या पैशाने होणारे मोठे काम आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आपल्या राज्यात तर आणखी एक पद्धत रुजलेली आहे. संस्था शाळा काढते आणि शिक्षकांचा पगार शासन अनुदानातून देते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून वसतिगृहातील मुलांना जेवू घातले. पुढे त्या कामाला शासनाच्या अनुदानाची जोड मिळाली, म्हणूनच ते एवढे पसरू शकले. याच पद्धतीत नंतर शिक्षकाच्या जागेसाठी लाखो रुपये मागणारे संस्थाचालकही शिरले. ते मी माझ्या नोकरीत पाहिले आहे आणि त्याची चीड आजही कमी झालेली नाही.

पारशिवनीची शिक्षिका (१४ सप्टेंबर, रात्री ८.१५)

सर, तुम्ही 'मुरवायची' हा शब्द अचूक वापरलात. आमच्या शाळेतल्या त्या मुलीचे काम मुरलेच नाही, कारण तिचे मानधन पुढे कोण देणार, हे ती नेमली गेली त्या दिवशी कोणीच विचारले नव्हते. मीही नाही.

इतिहासप्रेमी (१४ सप्टेंबर, रात्री ९.५०)

मध्येच पैसा थांबण्याचे सर्वांत बोलके उदाहरण दीक्षाभूमीच्या या शहरात सांगायलाच हवे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे ते लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडले, तेही स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचा आधार मिळाला तेव्हा. एवढ्या बुद्धीच्या माणसाची तीन वर्षे पैशाअभावी अशी गेली. सामान्य मुलीला तीन वर्षांनंतर दुसरी संधी मिळत नाही.

वीटभट्टी (१५ सप्टेंबर, पहाटे ५.५०)

मी नागपूरच्या बाहेरच्या वीटभट्ट्यांवर मुलांना शिकवतो. छत्तीसगड, भंडारा, गोंदियाकडून कुटुंबे दिवाळीनंतर येतात आणि मेअखेरीस परततात. मुलांची नावे गावच्या पटावर असतात आणि मुले भट्टीवर. आमचा सगळा खर्च सहा महिन्यांचा, दोन शिक्षक आणि एक ताडपत्री. एका देणगीदाराने आम्हाला नम्रपणे नकार दिला, कारण शाळेला पाटी लावायची तर इमारत हवी होती.

बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८५ मध्ये २२ एकखोली शाळांनी सुरुवात केली. एका शाळेत तीस-बत्तीस मुले, त्यांत मुली अधिक, शिकवणारी गावचीच बाई, आणि वेळ गावाच्या सोयीने. इमारतीत पैसा न अडकवल्यामुळे त्यांना हजारो शाळा चालवता आल्या. शिवाय 'आरोंग' या हस्तकलेच्या दुकानांसारख्या स्वतःच्या व्यवसायांतून संस्था पैसा उभा करते, त्यामुळे देणगीदाराच्या लहरीवर तिला सर्वस्वी अवलंबून राहावे लागत नाही.

मृगाचा पाऊस (१५ सप्टेंबर, सकाळी ११.००)

लहर हा शब्द दुर्दैवाने खरा ठरला आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला यूएसएड या आपल्या मदतसंस्थेचे काम संपवले. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५ टक्क्यांवर आणलेली मदत २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आहे. एवढी मोठी पोकळी खासगी देणग्यांनी भरणार नाही, धरमपेठकर, हे मनाशी स्पष्ट असू द्या. तुमचे पाच लाख काही मुलींसाठी सर्वस्व ठरतील, देशासाठी नव्हे.

घानातील एका प्रयोगाने मात्र मला नेहमी धीर दिला आहे. २००८ मध्ये तेथे माध्यमिक शाळेत प्रवेश मिळूनही पैशाअभावी जाऊ न शकलेल्या मुलामुलींमधून सोडत काढून ६८२ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्यात आली आणि संशोधकांनी त्यांचा पुढे अनेक वर्षे माग ठेवला. मुलींचा फायदा विशेष होता. लहान वयातील मातृत्व कमी झाले, आणि पुढे त्यांच्या मुलांच्या आकलनातही फरक दिसला. २०१७ मध्ये घाना सरकारने उच्च माध्यमिक शिक्षणच मोफत केले.

सीए रामदासपेठ (१५ सप्टेंबर, दुपारी ३.२०)

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. पाच लाख एकरकमी न देता बँकेतच ठेवून चार-पाच वर्षे हप्त्याने द्यावेत, म्हणजे एकाच मुलींच्या गटाला शेवटपर्यंत साथ देता येईल. संस्थेकडून लेखापरीक्षण अहवाल दरवर्षी मागावा. भारतातील संस्था असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी पाहावी.

धरमपेठकर (१९ सप्टेंबर, रात्री ९.१०)

सहा दिवस लिहिले नाही, कारण मी दोन्ही संस्थांना पत्रे लिहिण्यात गुंतलो होतो. या धाग्यावरून जे शिकलो, त्यातून मी दोघांनाही सारखेच प्रश्न विचारले. एका मुलीचा खर्च किती वर्षे उचलता? शुल्काव्यतिरिक्त तिच्या राहण्याजेवणाचे काय? मधेच निधी थांबला, तर चालू असलेल्या मुली शेवटपर्यंत नेण्याइतकी गंगाजळी आहे का? आणि गळती किती झाली, तो आकडा देऊ शकाल का?

झांबियाच्या संस्थेचे उत्तर तीन दिवसांत आले. चार प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर त्यांनी 'नाही' असे स्पष्ट दिले आणि गळतीचा आकडा कळवला, जो मला वाटले होते त्यापेक्षा जास्त आहे. अंबाझरी यांचे म्हणणे आठवले, आणि त्या 'नाही'मुळेच माझा विश्वास वाढला. धाकट्याला सांगितले आहे की, त्या मुली भाड्याने राहतात त्या खोल्या स्वतः जाऊन बघ आणि मला कळव. बहिणीच्या ओळखीच्या गटाकडून पत्राचे उत्तर आलेले नाही. पण रानवाटा यांनी लिहिल्याप्रमाणे प्रस्ताव लिहिणे हे त्या लोकांचे काम नाही, तेव्हा उत्तर न येण्याला मी नकार समजत नाही. मीच तिकडे जावे म्हणतो. रानवाटा, दिवाळीच्या सुट्टीत भामरागडला येऊ का? तुम्ही सोबत असाल तर बरे होईल.

रानवाटा (१९ सप्टेंबर, रात्री १०.०५)

जरूर या, पण दिवाळीत नको. आश्रमशाळा तेव्हा बंद असते आणि मुली आपापल्या गावी धानकापणीला गेलेल्या असतात. सुट्टी संपून शाळा उघडली की पहिला आठवडा सोडून येऊ. किती मुली परत आल्या आणि किती नाही, ते तेव्हा हजेरीपटावर दिसते. न आलेल्यांच्या गावी आपण जाऊ. आल्लापल्लीपर्यंत बसने या, पुढे माझी गाडी आहे.

पारशिवनीची शिक्षिका (१९ सप्टेंबर, रात्री १०.२०)

माझ्या तीन किरकोळ रजा शिल्लक आहेत. गाडीत एक जागा ठेवा.